फ्रोझन शोल्डर : मशीन, मालिश, इंजेक्शन आणि मॉपचा दांडा

ब्राचा हुक मागे हात नेऊन लावता येईना तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की हे साधं दुखणं नाहीये. त्याआधी दोन-अडीच महिने मी सगळं खापर चकल्यांवर फोडत होते. 2022 च्या दिवाळीत तीन किलो भाजणीच्या चकल्या एकटीने पाडल्या, सोऱ्या जुना, पितळी, दाबायला जड, त्यामुळे उजवा खांदा धरला असणार, आठ दिवसांत जाईल, असं मीच म्हणायचे आणि बाकी सगळे माना डोलवायचे. आठ दिवसांचे आठ आठवडे झाले. दुखणं खांद्यावर नव्हतंच खरं तर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लहान मुलांना लस टोचतात ना साधारण तिथे, आणि हात नेहमीसारखा हलवला तर काही नाही पण कोणी अचानक हाक मारली, मी हात झटकन मागे नेला, की डोळ्यांपुढे काजवे. एकदा रिक्षात मागच्या सीटवरची पर्स घ्यायला गेले आणि पाच मिनिटं बोलताच आलं नाही मला. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन पाणी विचारलं बिचाऱ्याने.

दिवसा निभायचं. पोळ्या लाटता यायच्या, कॉम्प्युटरवर काम व्हायचं (मी अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर माउस), पण केस विंचरायला हात डोक्यामागे जाईना, अंबाडा घालणं बंद, स्कूटर स्टँडवर चढवणं बंद, फडताळाच्या वरच्या कप्प्यातलं काहीही काढायचं तर लेकीला हाक. आणि रात्री तर विचारू नका. उजव्या कुशीवर झोपणं शक्यच नाही, डाव्या कुशीवर झोपलं तर उजवा हात पुढे लोंबतो आणि ओढ बसते, उताणं झोपलं तरी तीन वाजता ठणका लागून जाग येणार म्हणजे येणार. बसून राहायचे हॉलमध्ये गरम पाण्याची पिशवी घेऊन.

घरगुती उपाय सगळे झाले. सासूबाईंच्या मते खांद्यात वारं शिरलं होतं, त्यामुळे रोज रात्री महानारायण तेल कोमट करून त्या स्वतः चोळायच्या, वय 78, पण हाताला जोर असा की काय सांगू. बरं वाटायचं, खोटं कशाला बोला, अर्धा तास मस्त वाटायचं. मग संक्रांतीच्या सुमारास गावाकडे गेलो तेव्हा तिथल्या एका हाड बसवणाऱ्याकडे मला नेलं, सगळ्यांचं म्हणणं की तो हात लावतो आणि माणूस उठून चालायला लागतो. त्याने हात धरला, "गाठ बसलीय" म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत वर खेचला. मी किंचाळले ते बाहेर अंगणात ऐकू गेलं. पुढचे पंधरा दिवस हात गळ्यात अडकवून फिरत होते. आता विचार करते तर अंगावर काटा येतो, कारण मला साखर आहे, हाडं तपासलेली नाहीत, काही मोडलं असतं म्हणजे?

मग फेब्रुवारीत शहाणपण सुचलं आणि इथे नाशकात ऑर्थोपेडिककडे गेलो. एक्स-रे नॉर्मल. मला वाटलं चला, म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले, एक्स-रे नॉर्मल आहे म्हणूनच मला खात्री वाटतेय. त्यांनी आधी मला हात बाहेर फिरवायला सांगितला, कोपर कमरेला चिकटवून, दाराचं पान उघडतो तसा. डावा हात छान उघडला, उजवा जागच्या जागी. मग त्यांनी स्वतः धरून फिरवून बघितला, तरी तेवढाच. हे महत्त्वाचं असतं म्हणे, कारण स्नायू नुसता दुखत असेल किंवा फाटला असेल तर दुसऱ्याने हलवल्यावर हात बऱ्यापैकी जातो, इथे कोणीही हलवा, दार आतून कडी लावल्यासारखं. फ्रोझन शोल्डर. आणि रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.1 टक्के निघाली. डायबेटिसवाल्यांना हा खांदा बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा धरतो, चाळीस ते साठच्या बायकांना जास्त, आणि मी दोन्ही रांगांमध्ये पुढेच उभी! गोळ्या बदलून दिल्या, दुखण्याची गोळी दिली, आणि चिठ्ठीवर लिहिलं : फिजिओथेरपी.

आता इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण फिजिओथेरपी म्हणजे एकच काहीतरी असतं असं मला वाटायचं. म्हणजे गोळी ती गोळी, तशी फिजिओ ती फिजिओ. पुढच्या वर्षभरात मी तीन ठिकाणी गेले आणि तिन्हीकडे मिळालेली ट्रीटमेंट एकमेकींना ओळखसुद्धा देणार नाही इतकी वेगळी. सवयीप्रमाणे मी हिशोब ठेवला होता, कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या शेजारी. तारीख, काय केलं, पैसे, आणि रात्री किती वाजता जाग आली.

पहिलं क्लिनिक घराजवळ, चालत पाच मिनिटं. दहा सिटिंगचं पॅकेज, तीन हजार आगाऊ. पडदे लावलेले चार पलंग, प्रत्येक पलंगाशेजारी मशीन. पहिली वीस मिनिटं शेक, मग आयएफटी, म्हणजे खांद्याभोवती चार पॅड चिकटवतात आणि त्यातून करंट सोडतात. मला आधी भीती वाटली होती, पण छान असतं ते, आत कुठेतरी खोल मुंग्या धावतात, लाट येते जाते. कसं चालतं ते मला नंतर कळलं. दोन वेगवेगळे करंट असतात, समजा एक 4000 हर्ट्झचा आणि एक 4100 चा, ते आत एकमेकांना छेदतात आणि त्यांच्यातला जो 100 चा फरक तो तुम्हाला जाणवतो, वरच्या कातडीला न टोचता. मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप मुंग्यांच्या गर्दीत अडकतो म्हणायचं. त्यानंतर अल्ट्रासाउंड. हे सोनोग्राफीवालं नाही, गार जेल लावून एक छोटी मूठ खांद्यावर सहा-सात मिनिटं गोल गोल फिरवतात, त्यात काहीच जाणवत नाही, मी दोनदा विचारलं चालू आहे का म्हणून. शेजारच्या पलंगावर एक आजी यायच्या गुडघ्यासाठी, त्यांना डायथर्मी, म्हणजे मशीनच्या लहरींनी आत खोलवर शेक, द्यायचे, त्यात अंगावर धातू चालत नाही, तर रोज "मंगळसूत्र काढा आजी" आणि आजी रोज "मेल्यावर काढा" म्हणायच्या. शेवटी त्यांचं डायथर्मी बंद करून साधा शेकच ठेवला.

दहा दिवस मी गेले. बाहेर पडताना खांदा हलका, दोन तास मजेत, रात्री तीनला पुन्हा हॉलमध्ये. आणि मला जे खटकलं ते असं की त्या दहा दिवसांत माझ्या खांद्याला कोणी हातच लावला नाही. मोजलं नाही, हलवून बघितलं नाही. पॅड लावायला एक मुलगी होती, गोड होती बिचारी, बझर वाजला की यायची, पॅड काढायची. मुख्य डॉक्टर पहिल्या दिवशी दिसले आणि दहाव्या दिवशी, पुढच्या पॅकेजचं विचारायला. व्यायामाचा एक झेरॉक्स कागद दिला होता, त्यावरच्या चित्रातल्या माणसाचा हात थेट कानाला लागलेला, माझा हात खांद्याच्या रेषेच्या वर जात नव्हता. तो कागद मी फ्रिजवर लावला आणि रोज त्या माणसाचा राग राग केला.

दुसरं ठिकाण ऑफिसमधल्या एकीने सुचवलं, "ते मशीनबिशीन काही लावत नाहीत, हाताने सोडवतात." एप्रिल महिना, उन्हाचा तडाखा, गेले. इथे अगदी उलटं टोक. पहिल्याच दिवशी उताणं झोपवून त्यांनी हात वर न्यायला सुरुवात केली, मी ओरडले तर म्हणाले ओरडा पण श्वास सोडू नका, सॉरी, श्वास धरू नका. दुखणारच, दुखल्याशिवाय सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत. एका सिटिंगचे पाचशे. मी दात आवळून सहा वेळा गेले, कारण आपल्याकडे असंच असतं ना, कडू औषध जास्त चांगलं. हात जागच्या जागी खरोखर थोडा वर जायचा, ते दाखवायचेही, बघा कालपेक्षा वर आला. आणि रात्री खांद्यात इंजिन चालू. सातव्या दिवशी सकाळी मला चहाचा कप उचलता येईना. उजव्या हाताने कप, साधा अर्धा कप. नवरा म्हणाला आता बास. कालनिर्णय बघितलं तर एप्रिलमधल्या जागं होण्याच्या वेळा : तीन, दोन, दीड, एक, एक, साडेबारा. दुखणं झोपेकडे सरकत चाललं होतं.

तिसऱ्या ठिकाणी मी गेले ती नुसती भांडायला गेल्यासारखी. लहानसं क्लिनिक, कॉलेज रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी सगळी कहाणी एका दमात सांगितली. तिने एकच विचारलं, "काकू, रात्री दुखून जाग येते?" म्हटलं रोज. "मग आपण अजून पहिल्या स्टेजमध्येच आहोत."

मग तिने मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाली हात बाजूने वर करा. मी केला, मला वाटलं बराच गेला की. ती म्हणाली आता आरशात बघा. उजवा खांदा कानाला टेकलेला, कंबर डावीकडे वाकलेली, सगळं अंग त्या हाताला वर ढकलत होतं. मग तिने मागून माझ्या पाठीच्या पंख्याच्या हाडावर तळहात ठेवून ते खाली दाबून धरलं आणि म्हणाली आता करा. हात उठलाच नाही. म्हणजे उठला, पण टेबलावरून ताट उचलावं एवढाच. इतके महिने मी हाताने हात वर करतच नव्हते, पाठीने करत होते. एक प्लॅस्टिकची दोन पट्ट्यांची वस्तू असते, शाळेतला कोनमापक आणि फूटपट्टी यांचं लग्न लावल्यासारखी, गोनिओमीटर म्हणतात, ती लावून तिने आकडे लिहिले. समोरून वर 95 डिग्री, बाजूने 70, बाहेर फिरवायचा 10. डाव्या हाताचे 170, 170 आणि 65. मागे हात नेला तर डाव्याचा अंगठा पाठीच्या मध्यापर्यंत, उजव्याचा कमरेच्या खिशापर्यंत. दोन क्लिनिकमध्ये सहा हजार घालवल्यानंतर माझ्या खांद्याचा पहिला आकडा मला मे महिन्यात मिळाला! आकडेमोड करणाऱ्या बाईला केवढा दिलासा वाटला असेल बघा.

आणि समजावलं पण किती छान. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते, ती काखेकडे मुद्दाम सैल असते, घडी पडलेली, म्हणजे हात वर नेला की ती उलगडते. "काकू, ब्लाऊजला काखेत सैल ठेवतात ना, तसं. तुमचा ब्लाऊज आधी सुजलाय आणि आता आटत चाललाय." आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग सुटण्याचा, सगळं मिळून एक ते तीन वर्षं, कधी जास्तही. सूज चालू असताना जोरात ओढलं की ब्लाऊज सैल होत नाही, आणखी चिडतो. जपानमध्ये याला सरळ "पन्नाशीचा खांदा" म्हणतात, गोजूकाता, ऐकून मला बरं वाटलं, तिकडच्या बायकांचे पण हुक अडलेत म्हणायचे.

एप्रिलमधल्या त्या सहा सिटिंगबद्दल मी विचारलंच, चूक कोणाची म्हणून. ती दुसऱ्या क्लिनिकबद्दल काही वाईट बोलली नाही, पण एक सांगितलं. 2004 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 77 पेशंट दोन वर्षं बघितले, काहींना दुखण्याच्या पलीकडे जाऊन जोरात ताणलं, काहींना नुसतं समजावलं, दुखणार नाही तेवढंच हलवा म्हणून सोडून दिलं. दोन वर्षांनी सोडून दिलेले जास्त बरे निघाले. मला हसावं का रडावं कळेना. पाचशे रुपये देऊन मी ओरडून घेत होते.

माझी भाची इंग्लंडमध्ये फिजिओ आहे, तिलाही व्हिडिओ कॉलवर धरलं. ती म्हणाली मावशी, इकडे सगळ्यात मोठा अभ्यास झालाय यावर, यूके फ्रॉस्ट नावाचा, 2020 ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला, 503 पेशंट. तीन गट केले. एकाला स्टेरॉईडचं इंजेक्शन आणि बारा सिटिंगपर्यंत शिस्तीत फिजिओ, दुसऱ्याला भूल देऊन हात मोकळा करणं, तिसऱ्याला दुर्बिणीने ऑपरेशन. वर्षाने बघितलं तर तिघांमध्ये पेशंटला खास जाणवेल असा फरक नाही. फिजिओवाल्यांतल्या जास्त जणांना पुढे अजून काहीतरी करावं लागलं, पण ऑपरेशनवाल्यांत धोके जास्त दिसले. म्हटलं मग मशीनचं काय? तर म्हणाली, त्याचे पण सगळे अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये कोक्रेनवाल्यांनी (उपचारांचे अभ्यास पडताळणारी संस्था) बघितलंय, लेझरने थोडा फायदा होत असावा, बाकी करंटबिरंटबद्दल छातीठोक सांगता येईल असं काही हाती नाही. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत हाताने केलेल्या ट्रीटमेंटपेक्षा इंजेक्शन सरस. म्हणजे मी जो क्रम लावला होता, मशीन, ओढाओढ, आणि इंजेक्शन अगदीच नाइलाज झाला तर, तो बरोबर उलटा!

इंजेक्शनला मी टाळत होते. स्टेरॉईड म्हटलं की आपल्याकडे चेहरे कसे होतात माहितीये ना, सासूबाईंनी तर देवाजवळ दिवा लावला. तिसऱ्या क्लिनिकच्या त्या मुलीनेच, म्हणजे आमच्या फिजिओ मॅडमनेच, परत ऑर्थोपेडिककडे चिठ्ठी दिली, ते म्हणाले एकदा देऊ, सांध्यात, 40 मिलिग्रॅम, साखर चढेल चार-पाच दिवस, घाबरायचं नाही पण मोजत राहायची. टोचताना दाब जाणवला, दुखलं असं नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर 214, त्या संध्याकाळी 290, चौथ्या दिवसापासून उतरली. ते चार दिवस भात पूर्ण बंद, नुसती ज्वारीची भाकरी आणि भाजी. आणि चौथ्या रात्री मी झोपले ते डायरेक्ट सहाला उठले. कालनिर्णयमध्ये त्या चौकोनात काही लिहिलेलंच नाहीये, रिकामा आहे, सात महिन्यांत पहिला रिकामा चौकोन. डिग्री मात्र आठवड्यानंतरही फारशा वाढल्या नव्हत्या, 105, 75, 15. इंजेक्शनने आग विझते, आटलेलं कापड त्याने सैल होत नाही, असं मॅडम म्हणाली होती ते तंतोतंत.

पुढचं काम जूनपासून सुरू झालं. दुखणं चालू असताना ती फक्त हळू डोलवायची, सांध्यात अगदी बारीक बारीक सरकवणं, अगदी हलक्या हाताने, त्याला पहिली-दुसरी ग्रेड म्हणतात. झोप लागायला लागल्यावर तिसरी-चौथी ग्रेड. यातही हात उचलून ओढणं नाहीच. पट्टा लावून किंवा तळहाताने दंडाचं हाड सांध्याजवळच धरायचं आणि खाली, मागे, असं सरकवायचं, काखेच्या दिशेने, त्या आटलेल्या घडीत. दुखतं का, तर हो, पण ते ताणाचं दुखणं, आणि उठल्यावर संपतं. तिचा नियम साधा होता, घरी गेल्यावर दुखणं अर्ध्या तासाच्या वर टिकलं किंवा रात्री जाग आली तर आपण जास्त केलं, मला फोन करा. आठवड्यातून दोनदा, चारशे रुपये. आधी दहा मिनिटं शेक द्यायची, म्हणाली शेकाने बरं होत नाही पण तुम्ही सैल पडता, मग मला काम करता येतं. तर मशीनला अगदीच नावं ठेवायला नकोत. पहिल्या क्लिनिकचं चुकलं ते एवढंच की जेवणाआधीचं सार देऊन त्यांनी जेवण झालं म्हणून सांगितलं.

पण खरं सांगू का, आठवड्यातले दोन तास बाजूला ठेवा, मला घाम फोडला तो घरच्या व्यायामाने. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. एकदम चाळीस मिनिटं केलं तर चालत नाही, पिशवी तेवढ्यात परत आखडते. तर सकाळी चहाआधी टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा, हा व्यायाम ज्या अमेरिकन सर्जनच्या नावाने आहे, कॉडमन, त्यानेच 1934 मध्ये फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं. मग उताणं झोपून मॉपचा दांडा. दोन्ही हातांत आडवा धरायचा, कोपरं अंगाला, काखेत टॉवेलची गुंडाळी, आणि डाव्या हाताने ढकलून उजवा बाहेर फिरवायचा. बाहेर फिरवणं हेच सगळ्यात आधी जातं आणि सगळ्यात उशिरा येतं, त्यामुळे दांडा काही वर्षभर सुटला नाही. कामाला येणाऱ्या ताई विचारायच्या मॉप कुठे गेला, तो माझ्या बेडवर. ऑफिसमध्ये रेकॉर्ड रूमच्या चौकटीला तळहात टेकवून अंग हळूच वळवायचं. दाराला पुली लावली, दीडशे रुपयांची, टीव्ही बघताना. आणि भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, जिथपर्यंत पोचले तिथे पेन्सिलने रेघ. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून त्या रेघा आहेत, लेकीची उंची मोजायच्या रेघा जिथे संपतात तिथून थोड्या वर माझ्या सुरू होतात.

मधे दोन गोष्टी अजून करून बघितल्या. ड्राय नीडलिंग, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या स्नायूत बारीक सुया, औषध काही नाही, नुसती सुई. सुई गेली की तो स्नायू माशासारखा एकदा उडतो, विचित्र वाटतं, पण इतके महिने पाठीने हात उचलून उचलून मान जी दगड झाली होती ती दोन वेळांत मोकळी झाली. खांद्याच्या डिग्रीत काही फरक नाही, शून्य. आणि ती रंगीत टेप, क्रिकेटवाल्यांच्या दंडावर दिसते ती, मी हौसेने निळी लावून घेतली, छान आधार वाटला, तीन दिवसांनी नाशिकच्या घामाने खाज सुटली, काढली. एवढंच तिचं.

आमच्याच ऑफिसच्या दुसऱ्या ब्रँचमधल्या एका बाईंनी भूल देऊन हात सोडवून घेतला त्याच वर्षी. त्यांचं म्हणणं, झोपवलं, उठवलं, हात वर. पण त्यांनीच पुढे सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून रोज फिजिओला जावं लागलं, नाहीतर परत आखडतो, आणि पहिला आठवडा भयंकर दुखलं. तीन महिन्यांत त्या मोकळ्या झाल्या. मला मोह झाला नाही असं नाही, ऑगस्टमध्ये तर फार झाला, कारण ऑगस्टभर माझा आकडा 125 वर अडून बसला होता, पाच आठवडे एक डिग्री हलली नाही, मी मॅडमवर चिडले, दोन सिटिंग बुडवले, गणपतीत आरतीला ताट उजव्या हाताने ओवाळता येईना म्हणून रडलेसुद्धा. मग सप्टेंबरच्या शेवटी आपोआप, काहीही वेगळं न करता, 135, मग 140. हे मला अजून कोडं आहे. व्यायामाने झालं म्हणावं तर व्यायाम ऑगस्टमध्येही तेच होते.

आणि इथेच सगळी तुलना फसते बघा. माझ्याकडे कालनिर्णय आहे, पैशाचा हिशोब आहे. पहिलं क्लिनिक तीन हजार, डिग्री माहीत नाही, दुसरं तीन हजार, डिग्री उणे म्हणायच्या, इंजेक्शन तपासणीसकट अठराशे, मिळाली झोप, तिसरं क्लिनिक आठ महिन्यांत साधारण एकवीस हजार, मिळाल्या सत्तर डिग्री. पण हा खांदा बऱ्याच जणांचा आपापला पण सुटतो, मग त्या सत्तरातल्या किती मॅडमच्या, किती मॉपच्या आणि किती नुसत्या काळाच्या, हे कुठल्या खात्यात टाकायचं? मी मॅडमला विचारलं तर ती हसून म्हणाली, "काकू, मलाही माहीत नाही. पण दुसरा खांदा मोकळा ठेवून याची तुलना करता येत नाही ना." घरात मात्र कोणालाच शंका नाही. नवऱ्याच्या मते इंजेक्शन, लेकीच्या मते ती ओरडून ओरडून व्यायाम करायला लावायची ते, आणि सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, वर्षभर तेल चोळलं मी हिला.

कोणी विचारलं तर मी दोनच गोष्टी बघायला सांगते, पहिल्या दिवशी तुमचा खांदा कोणी मोजला का, आणि रात्री जाग येते का हे विचारलं का. दोन्ही नाही केलं तर मशीन कितीही नवं असू दे, पॅकेजचे पैसे भरू नका. आणि साखर बघून घ्या बाई, माझी 8.1 वरून 6.9 ला आली तेव्हा खांदाही सुटत होता, संबंध आहे की योगायोग ते डॉक्टर जाणे. हात दुखतोय पण इकडेतिकडे बऱ्यापैकी फिरतोय, किंवा पडल्यानंतर हात उचलताच येत नाहीये, तर ते वेगळंच काही असू शकतं, त्याला यातलं काही लागू नाही, आधी डॉक्टर.

2024 च्या फेब्रुवारीत शेवटचं मोजलं. समोरून 165, बाजूने 155, बाहेर 50. अंगठा पाठीवर डाव्यापेक्षा चार बोटं खालीच राहतो, मॅडम म्हणाली तेवढं कदाचित राहील. फडताळातले डबे मी काढते आता, स्कूटर स्टँडवर लावते, त्या आधीच्या दिवाळीत चकल्या पण पाडल्या, एक किलो, नवीन हलका सोऱ्या आणून. हुक मात्र अजून पुढून लावते आणि मग फिरवून मागे नेते. हात पोचतो आता, पण सवयच गेली.